मोटर बदलण्याआधी वायर मोजा: जुन्या गाडीच्या सेंट्रल लॉकिंगला रिले लावताना

जुन्या गाडीचं सेंट्रल लॉकिंग एकदम बंद पडत नाही, ते हळूहळू थकतं. आधी मागचं डावं दार अधूनमधून उघडं राहतं. मग थंडीच्या दिवसांत सकाळी दोन दारं राहतात. पुढे पुढे ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवली की डॅशबोर्डखालून नुसती टकटक ऐकू येते आणि दारांच्या खुंट्या अर्ध्यात येऊन थांबतात. गॅरेजमध्ये यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: मोटरी गेल्या, चारही बदलू. माझी गाडी १९९७ सालची, एमएच १२ पासिंगची, चार दारांची. कारखान्यातून निघाली तेव्हा दारं हाताने लॉक करायची होती, सेंट्रल लॉकिंगचं किट नंतर बाहेरून बसवलेलं. तिच्या चार मोटरींपैकी एकही खराब नव्हती. मोटरीपर्यंत करंट पोचण्याचा रस्ता खराब होता, आणि तो नवीन मोटरी घालून सुधारत नाही.

किटची रचना आधी नीट समजून घ्यायला हवी. ड्रायव्हरच्या दारात पाच वायरींची मोटर असते, बाकी तीन दारांत दोन-दोन वायरींच्या. दोन वायरी मोटरच्या, बहुतेक किटमध्ये निळी आणि हिरवी. ड्रायव्हरकडच्या उरलेल्या तीन, म्हणजे पांढरी, तपकिरी आणि काळी, मोटरच्या पोटातल्या छोट्या स्विचच्या. किल्ली फिरली की खुंटी हलते, खुंटीबरोबर मोटरचा दांडा सरकतो आणि आतला स्विच पांढरी किंवा तपकिरी वायर काळीला, म्हणजे अर्थला (गाडीच्या पत्र्याला, बॅटरीच्या मायनसला), जोडतो. किटच्या मॉड्यूलला, म्हणजे मोटरी चालवणाऱ्या डब्याला, हा इशारा मिळाला की ते साधारण अर्धा सेकंद निळ्या-हिरव्या जोडीत करंट सोडतं. लॉकला निळीत प्लस आणि हिरवीत अर्थ, अनलॉकला उलट. रंगांवर मात्र विसंबू नका. मधे कुणीतरी वायर बदललेली असते, आणि काही किटमध्ये रंग मुळातच वेगळे असतात. मीटर लावूनच खात्री करायची.

दांडा शेवटच्या टोकाला टेकला की मोटर अडते, आणि अडलेली मोटर चार ते पाच अँपिअर ओढते. चार मोटरी म्हणजे क्षणभरासाठी सोळा ते वीस अँपिअर. हा सगळा करंट मॉड्यूलमधल्या बोटाच्या पेराएवढ्या रिलेतून, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीतून जातो. दर वेळी रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, कार्बन धरतो, रेझिस्टन्स वाढतो. वायरींचे जोड बऱ्याचदा नुसता पिळा मारून वर टेप गुंडाळलेले. पंचवीस वर्षांत त्या जोडांतलं तांबं काळं पडतं.

वायरींना हात लावण्याआधी कुलपं तपासायची. हे काम कुणी करत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. डोअर पॅड काढा, मोटरचा दांडा कुलपाच्या सळईपासून सोडा आणि खुंटी दोन बोटांनी वरखाली करून पाहा. ती सहज, न अडखळता हलली पाहिजे. अडकत असेल तर कुलपातलं जुनं ग्रीस वाळून त्यात धूळ बसलेली आहे. क्लीनर मारून ते धुऊन काढायचं, मग सरकत्या जागांवर पांढरं लिथियम ग्रीस अगदी थोडं. इंजिन ऑइल घालू नका, ते दारात गळतं आणि धूळ धरतं. दांडा आणि सळई एका रेषेत आहेत का हेही पाहा. मोटर दोन-तीन मिलिमीटर तिरकी बसली तरी जोर बाजूला वाया जातो. किटच्या मोटरीचा दांडा जेमतेम दोन सेंटीमीटर सरकतो, त्यामुळे तो मधोमध असताना खुंटीही मधोमध असेल अशी जोडणी हवी.

आता मोजमाप. लॉकिंगचा धक्का अर्ध्या सेकंदाचा, तेवढ्यात साधा डिजिटल मीटर आकडा पकडत नाही. आणि लोड न लावता मोजलं तर तुटायला आलेल्या वायरीवरही मीटर बारा व्होल्टच दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. वायरीतली वीसपैकी एक तार शाबूत असली तरी आकडा छान दिसतो. म्हणून मोटर सोडून तिच्या जागी हेडलाइटचा एच४ बल्ब लावायचा, फक्त ५५ वॅटची फिलामेंट. ती साडेचार अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे अडलेल्या एका मोटरीएवढाच भार. मग मॉड्यूलच्या जागेवर निळ्या वायरीत थोडा वेळ कायम करंट सोडून रस्त्याचा एकेक तुकडा मोजता येतो. मॉड्यूलच्या आतला तुकडा मोजताना मात्र त्याच्याच अर्ध्या सेकंदात काम भागवावं लागतं, त्यासाठी कमाल-किमान आकडा धरून ठेवणारा मीटर लागतो. लाल काडी तुकड्याच्या एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला. मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट त्या तुकड्याने खाल्ले.

मागच्या डाव्या दाराचा हिशोब असा निघाला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, बल्बवर ९.६. मधले २.९ व्होल्ट कुठे गेले? बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंत ०.४, मॉड्यूलच्या आत ०.९, मॉड्यूल ते दार जाऊन-येऊन वायरीत १.१, आणि दारातल्या पिळ्याच्या जोडात ०.५. हे एका बल्बच्या भारावर. चारही मोटरी एकदम चालतात तेव्हा बॅटरी ते मॉड्यूल या सामाईक तुकड्यात आणि मॉड्यूलच्या आत चौपट करंट जातो, तिथली घट त्याच पटीत वाढते. अडलेल्या मोटरीचा जोर तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो. मोटरीला सहा-सात व्होल्ट मिळाले तर तिने निम्म्या जोराने ढकलणं स्वाभाविक आहे. अशा रस्त्यावर नवी मोटर टाकली तर थोडे दिवस बरं चालतं, कारण तिचे ब्रश आणि गिअर ताजे असतात. पुन्हा थंडी आली की तीच रड.

उपाय म्हणून मॉड्यूल फेकायचं नाही. त्याच्याकडे वेळेचं भान आहे, ते अर्ध्या सेकंदात करंट तोडतं, आणि रिमोट जोडलेला असेल तर तोही त्यालाच कळतो. ते ठेवायचं, पण मोटरींचं ओझं त्याच्यावरून काढून दोन मोठ्या रिलेंवर द्यायचं. रिलेची कॉइल, म्हणजे आतला स्विच ओढणारं तारेचं वेटोळं, जेमतेम १४० मिलिअँपिअर ओढते. कार्बन धरलेला कॉन्टॅक्टही तेवढा करंट खुशाल देतो.

रिले पाच पिनांचे, ३०/४० अँपिअरचे, गाडीत सर्रास मिळणारे. जोडणी अशी: एक रिले लॉकचा, दुसरा अनलॉकचा. दोन्हींच्या ८७ नंबरच्या पिनेला फ्यूजमधून आलेला प्लस. दोन्हींच्या ८७ए ला अर्थ. लॉक रिलेच्या ३० वरून चारही मोटरींच्या निळ्या वायरी, अनलॉक रिलेच्या ३० वरून चारही हिरव्या. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना. ८५ अर्थला. ८६ ला मॉड्यूलमधून पूर्वी मोटरींकडे जाणारी वायर: लॉकच्या रिलेला निळी, अनलॉकच्या रिलेला हिरवी.

स्वस्थ स्थितीत दोन्ही ३० आपापल्या ८७ए मधून अर्थला टेकलेले असतात, म्हणजे मोटरीची दोन्ही टोकं अर्थवर. लॉकचा इशारा आला की लॉक रिले ओढला जातो, निळ्या वायरीत प्लस येतो आणि करंट मोटरीतून हिरव्या वायरीने परत येऊन अनलॉक रिलेच्या ८७ए मधून अर्थला जातो. इशारा संपला की दोन्ही टोकं पुन्हा अर्थवर, त्यामुळे फिरत्या मोटरीला आपोआप ब्रेक बसतो. चुकून दोन्ही रिले एकाच वेळी ओढले गेले तरी दोन्ही टोकांना प्लस येतो. मोटर हलत नाही, शॉर्ट होत नाही. ही रचना मला आवडते ती एवढ्यासाठीच, की चुकीच्या हातातही ती जळत नाही.

एक गोष्ट इथे हमखास निसटते. परतीचा सगळा करंट ८७ए मधून जातो. म्हणजे ८७ए ची अर्थ वायर ८७ च्या प्लस वायरीएवढीच जाड हवी. ‘अर्थच तर आहे’ म्हणून बारीक तुकडा लावला की सगळं रिवायरिंग पाण्यात.

रिले घेताना त्याहून मोठा सापळा आहे. बाजारात पाच पिनांचे दोन प्रकारचे रिले मिळतात आणि बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. एकात मधली पिन ८७ए असते. दुसऱ्यात मधली पिनही ८७ च असते, म्हणजे रिले ओढल्यावर दोन्ही आउटपुटना करंट. हा दुसरा प्रकार आपल्या जोडणीत बसवला तर पहिल्याच लॉकला प्लस आणि अर्थ ३० पाशी एकत्र येतात आणि फ्यूज उडतो. लोक मग वायरीत शॉर्ट शोधत बसतात. दुकानात उभं असतानाच मीटर बजरवर ठेवून ३० आणि मधली पिन तपासा. करंट न देता बजर वाजला तर ८७ए, नाही वाजला तर तो रिले परत द्या. डब्यावरच्या आकृतीवरही भरवसा नको.

काही रिलेंच्या आत कॉइलला समांतर डायोड असतो, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. अशा रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थच द्यावा लागतो. उलट दिलं तर डायोड सरळ शॉर्ट करतो आणि मॉड्यूलचं आउटपुट जातं. डायोड नसलेल्या रिलेला १एन४००७ नंबरचा डायोड बाहेरून लावायचा, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइलचा करंट तुटताना उलटा झटका उठतो, तो या डायोडमध्ये जिरतो. रिमोटवाल्या मॉड्यूलमधलं इलेक्ट्रॉनिक्स नाजूक असतं, तिथे तर हा डायोड टाळूच नये.

डॅशबोर्डवर लॉक-अनलॉकचं बटण हवं असेल तर एक अडचण येते. मॉड्यूलची आउटपुट स्वस्थ असताना अर्थवर असतात. त्याच जागी बटणाने प्लस दिला तर तो मॉड्यूलमधून थेट अर्थला जाईल. म्हणून मॉड्यूलचं आउटपुट आणि ८६ यांच्यामध्ये आणखी एक १एन४००७ घालायचा, पट्टी ८६ कडे. मग बटणाचा प्लस मॉड्यूलकडे मागे जाऊ शकत नाही. डायोडमध्ये पाऊण व्होल्ट जातो, रिलेला त्याने फरक पडत नाही. बटण मात्र सोडल्यावर मधे परत येणारंच घ्या, आणि त्याला दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज द्या. मुलं मागे बसून बटण दाबून धरतात तेवढा वेळ मोटरी अडून तापतात, म्हणून मी ते स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, त्यांचा हात पोचणार नाही असं बसवलं.

मॉड्यूलच मेलेलं असेल तर नवीन घ्या. ड्रायव्हरच्या दारातला स्विच सरळ रिलेला जोडायचा मोह टाळा. तो स्विच बटणासारखा नाही. खुंटी ज्या बाजूला आहे त्या बाजूचा कॉन्टॅक्ट कायम जोडलेला राहतो. म्हणजे गाडी लॉक करून तुम्ही ऑफिसात गेलात की रिले दिवसभर ओढलेला, मोटरी दिवसभर अडलेल्या. संध्याकाळी बॅटरी बसलेली आणि मोटरींची वाइंडिंग जळालेली सापडतात. अगदीच अडलं तर कॅपॅसिटरचा जुगाड आहे. कॉइलचं ८६ टोक फ्यूजमधल्या प्लसला, ८५ टोक ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कॅपॅसिटरच्या प्लस पायाला, मायनस पाय स्विचच्या वायरीला, आणि कॅपॅसिटरवर समांतर २.२ किलोओहमचा रेझिस्टर. स्विच अर्थला लागला की कॅपॅसिटर भरेपर्यंतच, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण सेकंद, रिले ओढलेला राहतो. तोटा असा की रेझिस्टरमधून कॅपॅसिटर रिकामा व्हायला वीस-तीस सेकंद लागतात. त्याआधी पुन्हा लॉक केलं तर धक्का तोकडा पडतो. शिवाय रेझिस्टरमधून पाचेक मिलिअँपिअर सतत जातात ते वेगळेच. रस्त्यात अडलात तर ठीक, कायमचं नको.

सामानाची यादी चार दारांच्या, उजव्या स्टिअरिंगच्या आणि रिले ड्रायव्हरच्या पायापाशी बसवायच्या हिशोबाने सांगतो. अडीच चौरस मिमीची लाल वायर तीन मीटर आणि काळी दोन मीटर. दीड चौरस मिमीची निळी बारा मीटर आणि हिरवी बारा मीटर. सर्वात लांबचं मागचं डावं दार एकटंच चारेक मीटर खातं. कॉइल आणि बटणासाठी पाऊण चौरस मिमीची पाच मीटर. रिले तीन, त्यातला एक डिकीत राखीव. रिले खोचायचे बेस दोन. ब्लेड फ्यूजचे होल्डर तीन: एक वीस अँपिअरच्या पिवळ्या फ्यूजसाठी, एक मॉड्यूलच्या पाच अँपिअरसाठी, एक बटणासाठी. वायरीच्या टोकाला चेपून (क्रिंप करून) बसवायचे ६.३ मिमीचे लग पंचवीस, गोल थिंबल दहा, डायोड सहा, हीट श्रिंक, काळी नालीदार पाइप आठ मीटर आणि कापडी टेप. प्लास्टिकची काळी टेप दारात वापरू नका. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत तिचा गोंद वितळतो आणि टेप सुटून लोंबते.

रिले, बेस आणि लग पुण्यात नाना पेठेत मिळतात. डायोड, हीट श्रिंक, रेझिस्टर वगैरे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी भंगारातल्या गाड्यांचे कनेक्टर आणि डोअर पॅडच्या क्लिपा सापडतात, त्या खुशाल घ्या, जुने रिले मात्र घेऊ नका. आतले कॉन्टॅक्ट किती जळालेत ते दिसत नाही. वायरीबद्दल एक आग्रह आहे. घरातली वायर गाडीत चालते असं दुकानदार सांगेल, आणि ती चालतेही, पण तिची तार जाड आणि संख्येने कमी असते. दाराच्या बिजागरीपाशी रोज वाकणाऱ्या जागी ती लवकर तुटते. बारीक आणि भरपूर तारांची ऑटो वायरच मागा. बेसला आधीच लावलेल्या वायरी दिसायला जाड आणि आतून बारीक असतात. मी त्या काढून टाकल्या आणि बेसच्या खाचांत स्वतः क्रिंप केलेले लग बसवले. लग आत गेल्यावर टक असा आवाज यायला हवा, आणि वायर हलकेच ओढली तर बाहेर येता कामा नये.

जोड क्रिंपच करायचे. सोल्डर केलं की सोल्डर तारांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि हादऱ्यांनी वायर बरोबर कडक भाग संपतो तिथे तुटते. क्रिंपिंगचा पाना चांगला हवा. पक्कडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो आणि वर्षभरात सैल होतो.

गाडीत काही बसवण्याआधी सगळं टेबलावर जोडा. बॅटरी किंवा बारा व्होल्टचा चांगला सप्लाय, दोन रिले, एक मोटर, मॉड्यूल. ड्रायव्हरच्या मोटरीचा दांडा हाताने ओढला की दुसरी मोटर हलली पाहिजे. टेबलावर जी चूक दोन मिनिटांत सापडते तीच डॅशबोर्डखाली उलटं झोपून शोधायला दुपार जाते.

मग गाडी. सर्वात आधी बॅटरीचा मायनस काढा, दहाचा पाना. स्टिरिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा. डोअर पॅडचे स्क्रू आर्मरेस्टखाली आणि आतल्या हँडलच्या कव्हरामागे लपलेले असतात. काच फिरवायच्या हँडलमागे सी आकाराची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत जुनं कापड घालून दोन्ही बाजूंनी घासत ओढलं की ती उडून बाहेर येते. कुठे उडते त्याकडे लक्ष ठेवा. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडू नका. काचेवरून दारात उतरणारं पावसाचं पाणी आतल्या बाजूला येऊ न देणं हे त्याचं काम. फाटलेला असेल तर जाड प्लास्टिक त्याच आकारात कापून ब्युटिल टेपने चिकटवा, आणि खालची कड दाराच्या आत राहील असं बघा. ती बाहेर राहिली तर जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला होतो.

बिजागरीजवळचा रबरी बूट हा सगळ्यात त्रासाचा भाग, आणि तुटलेल्या वायरी सर्वात जास्त इथेच सापडतात. बाहेरचं प्लास्टिक शाबूत असतं, आतलं तांबं तुटलेलं असतं. मीटर बजरवर ठेवून दार हळूहळू उघड-बंद करा. बजर मधेच थांबला की वायर इथेच तुटली आहे. तुटलेल्या जागी जोड देऊ नका, पूर्ण नवीन वायर ओढा. बुटातून वायर सरकत नसेल तर सायकलच्या ब्रेकची जुनी केबल आधी घालायची, तिला वायर बांधायची, साबणाचं पाणी लावायचं आणि ओढायची. दार पूर्ण उघडल्यावर वायर ताणली जात नाही ना, आणि बंद केल्यावर पत्र्यात चेपत नाही ना, हे दोन्ही पाहून मगच आतल्या बाजूला टाय मारा. दारात वायर काचेच्या मशीनपासून लांब बांधायची. काच खाली असतानाची जागा पाहा, वर असतानाची नाही.

मागच्या दारांच्या वायरी दाराच्या चौकटीखालच्या पट्टीतून, गालिच्याच्या कडेने नेल्या. सीटच्या रुळाखालून वायर नेऊ नये. सीट पुढे-मागे करताना ती एक दिवस कापली जातेच. प्रत्येक दाराची जोडी रिलेपासून स्वतंत्र नेली. एका दारातून दुसऱ्या दारात फाटा काढला तर शेवटच्या दाराला उरलंसुरलं मिळतं. रिलेच्या ३० वरून अडीचची वायर एका नायलॉनच्या स्क्रू पट्टीवर, आणि तिथून चार दारांना चार दीडच्या वायरी.

रिलेची जागा ड्रायव्हरच्या उजव्या पायाशेजारचं प्लास्टिकचं पॅनल काढल्यावर मिळणारी पोकळी. दारात नको, तिथे पावसाळाभर ओल असते. बॉनेटखाली नको, तिथे उष्णता आणि पाणी दोन्ही. पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पुढच्या काचेच्या जुन्या रबरातून झिरपलेलं पाणी वायरीवरून आलंच तर रिलेत न शिरता खाली ठिबकेल. वायरी ब्रेकच्या पेडलपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर बांधा. अर्थसाठी बॉडीचा पक्का बोल्ट, खालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडून, दातेरी वॉशर घालून, वर पेट्रोलियम जेली. वीस अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच. फ्यूज रिलेजवळ बसवला तर बॅटरी ते रिले या लांब वायरीला काहीच संरक्षण उरत नाही, आणि पत्र्यातून जाताना घासण्याची भीती तिलाच जास्त. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच.

पहिल्यांदा करंट देताना सगळ्या काचा खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. अर्धवट जोडलेली गाडी स्वतःला लॉक करून घेऊ शकते. मुख्य फ्यूजच्या जागी तोच एच४ बल्ब लावा आणि फक्त एक मोटर जोडा. बॅटरी जोडल्यावर बल्ब अंधारा राहिला पाहिजे. लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळे काही जळत नाही. लॉक केल्यावर बल्ब क्षणभर चमकतो, मोटर संथ हलते, बल्ब विझतो. चमकून तसाच राहिला तर मॉड्यूल वेळेवर करंट तोडत नाहीये. हे ठीक झालं की फ्यूज घालून एकेक दार जोडत जायचं. एखादं दार उलटं वागलं, म्हणजे बाकीची लॉक होताना ते उघडलं, तर त्याच दाराच्या निळ्या-हिरव्याची अदलाबदल करा. चारही उलटी असतील तर दोन रिलेंच्या ३० वरच्या वायरी बदला.

मागच्या डाव्या दाराला पुन्हा बल्ब लावून मोजलं: ९.६ च्या जागी ११.८. त्याच जुन्या मोटरी, पण आता चारही खुंट्या एकाच ठोक्यात पडतात.

या जोडणीचा एक खरा धोका सांगायला हवा. लॉक रिलेचा कॉन्टॅक्ट ८७ ला चिकटला तर मोटरींना सतत करंट मिळतो. चार मोटरी मिळून सोळा-अठरा अँपिअर ओढतात, वीसचा फ्यूज त्याला उडत नाही, मोटरी मात्र तापून जळतात. ओळखायची खूण: अनलॉक केलं तरी काहीच होत नाही, कारण दोन्ही टोकांना प्लस, आणि दारातून गरम प्लास्टिकचा वास. अशा वेळी आधी फ्यूज उपटा, मग रिले शोधा. म्हणून फ्यूज कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. मूळ कंपनीच्या बऱ्याच मोटरींत तापल्यावर करंट रोखणारा पॉलीस्विच असतो. स्वस्त किटमध्ये नसतो. प्रत्येक दाराच्या एका वायरीत सुमारे अडीच अँपिअर होल्डचा पॉलीस्विच घातला तर हा धोका बराच कमी होतो. रिले नामांकित कंपनीचा घेतला तर कॉन्टॅक्ट चिकटण्याची वेळ सहसा येत नाही. तिथे पन्नास रुपये वाचवण्यात काही शहाणपण नाही.

पॅड लावण्याआधी दाराच्या काचेवर बाहेरून दोन-तीन तांबे पाणी ओता आणि ते दाराच्या खालच्या भोकांतून निघतंय का पाहा. भोकं मातीने बुजलेली असतात. सुतळी किंवा प्लास्टिकचा टाय घालून मोकळी करा, तारेने रंग खरवडला जातो.

शेवटी गाडी उभी असताना बॅटरीतून किती करंट जातो ते मोजायचं. मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर, बॅटरीच्या मायनसमध्ये सिरीजला, सगळी दारं बंद. मीटर लावलेला असताना चुकूनही लॉक करू नका, एका झटक्यात मीटरचा फ्यूज उडतो. माझ्या गाडीत १८ मिलिअँपिअर निघाले. मॉड्यूलचा फ्यूज काढला की १२ राहिले, म्हणजे सहा मॉड्यूलचे, बाकीचे घड्याळ आणि स्टिरिओचे. मुख्य फ्यूज काढून आकडा हलला नाही, कारण स्वस्थ असताना रिले काहीच ओढत नाहीत. १८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला अर्ध्या अँपिअर-अवरच्याही आत, महिन्याला तेरा. पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर गाडी तीन आठवडे उभी राहिली तरी सुरू होईल. त्याहून जास्त दिवस गावाला जाणार असाल तर मॉड्यूलचा फ्यूज काढून ठेवा आणि दार किल्लीने लॉक करा. किल्लीला या वायरींची गरज नाही.